जाकिटातला फोटो

राणेकाका रस्ता ओलांडायच्या आधी स्वतःलाच हात दाखवून थांबवतात, असं आमच्या चाळीत गमतीनं म्हणत. बसवर ड्रायव्हर म्हणून जन्म गेला. निवृत्तीनंतर घरी बसवेना, तेव्हा परळला चाळीजवळच्या शाळेसमोरच्या सिग्नलवर ट्रॅफिक वॉर्डन म्हणून उभे राहू लागले. चौकीतून मिळालेलं पिवळं जाकीट त्यांनी असं जपलं की काकू म्हणायच्या, लग्नातला कोट एवढा जपला नव्हता.

एखादं चाक झेब्रा पट्ट्यावर आलं की काका शिट्टी तोंडातून काढून ओरडायचे, "रे, पांढरो पट्टो म्हणजे घराचो उंबरो. उंबऱ्यार उभो रव नको!" मोठ्या गाडीतल्या साहेबालाही हेच, टेम्पोवाल्यालाही हेच. मालवणीचं अक्षर न कळणारा टॅक्सीवालाही मुकाट मागे व्हायचा, कारण सूर बरोब्बर कळायचा. माझ्या लेकीला, सईला, मी पट्ट्यापर्यंत सोडायची. पुढची काळजी काकांची.

मोबाइलवर आलेले मेसेज ते माझ्याकडून वाचून घेत. एका संध्याकाळी फोन पुढे केला. "गो, ह्यां काय इला बघ." सिग्नल तोडल्याचं चलान होतं. सोबत माटुंग्याच्या चौकातल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. वर लाल दिवा, खाली काकांची स्कूटर, हँडलला भाजीची पिशवी. आणि अंगात तेच पिवळं जाकीट.

मी पटकन म्हणाले, "काका, घाई असेल काहीतरी. काकूंना बरं नव्हतं का?"

"नाय गो. दुपारची वेळ, रस्तो रिकामो. कोण बघता, म्हणान गेलंय."

खोटं कारण मी हातात आयतं दिलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही.

दंड त्याच दिवशी भरला. बातमी मात्र चाळभर झाली आणि सगळ्यांनी आपापल्या परीनं धीर दिला. "काका, सगळेच तोडतात हो!" ह्या धीरानंच ते जास्त खचले. जाकीट परत करायला चौकीत गेले, तर हवालदार हसला. "एवढ्याशा गोष्टीला कोण जाकीट परत करतं, काका?" काका जाकीट टेबलावर ठेवून निघून आले. घरात खिडकीशी बसायचे. शाळेच्या वेळेला खिडकी लावून घ्यायचे.

इकडे सिग्नलवर अंदाधुंदी. एका सकाळी एक मोटरसायकल मुलांच्या रांगेतून घुसली आणि सईचं दप्तर आरशात अडकून ती फरफटली. गुडघे फुटले, एवढ्यावर निभावलं. मी तशीच तिला घेऊन काकांच्या दारात गेले. रागच आला होता मला. "तुमची लाज तुम्ही घरात जपताय, काका. इथे पोरं मरतील."

"खंयच्या तोंडान उभो रवू?" ते म्हणाले. पण सईच्या गुडघ्यांवरून त्यांची नजर हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते सिग्नलवर आले. साधा शर्ट, शिट्टी नाही. नुसता हात वर. आमच्याच गल्लीतला एक तरुण बाइक घेऊन थेट पट्ट्यावर येऊन थांबला आणि हसत म्हणाला, "काका, तुम्ही पण तोडला ना सिग्नल? फोटो आला म्हणे!"

दोन्ही बाजूच्या गाड्यांमधून लोक बघू लागले. आया माना खाली घालून उभ्या राहिल्या, मीही. काकांचा हात अर्धा खाली आला. चेहरा काळवंडला. मग तो हात पुन्हा वर गेला.

"होय, मी तोडलंय. अजून लाज वाटता माका. तू गाडी मागे घे."

त्यानं घेतली. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. मुलं ओळीनं पलीकडे निघाली. मी मात्र सईला घेऊन काकांजवळ थांबले, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

"चेडवाक घेऊन जा आधी," ते म्हणाले. "माझ्याकडे बघ नको."