वसंताचा आवाज

नाशिकहून पहाटे निघालो, तरी संभाजीनगरला पोचायला अकरा वाजले. माझा वसतिगृहातला रूममेट वसंता जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मी आत्ता फुलंब्रीला त्याच्या घरच्यांना भेटायला चाललो होतो. औरंगपुऱ्यात फळं घेत राहिलो, तेवढ्यात फुलंब्रीची बस चुकली.

"वो तो अब्बीच गई, चाचा," रिक्षावाला म्हणाला. "जीप पकडो."

जीपमध्ये अंग चोरून बसलो. हर्सूल मागे पडलं आणि मका काढून झालेली रानं सुरू झाली. उघडी, करडी. पाखरूसुद्धा दिसेना.

वसंताच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, भाकरी आणि तोंडी लावायला मेथीचं कोरड्यास वाढलं. जेवण झालं. मग त्यांनी मोबाइल पुढं ठेवला.

"पोरानं ह्यांचा आवाज बसवलाय ह्यात, जुन्या रेकॉर्डिंगवरून. आपण बोललं की बोलतंय."

त्यांनी बोट लावलं. "सुमन, जेवलीस का?"

अगदी वसंता!

"आधी लई बरं वाटायचं," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस ते मोबाइलमधलं म्हणलं, म्हैसमाळला आपण भिजलो होतो, आठवतं का? मी व्हय म्हणले. चार दिवस तेच आठवून हसत होते. मग ध्यानात आलं, आम्ही म्हैसमाळला कधी गेलोच नाय. आता ह्यांचं बोलणं कोणतं अन् ह्या यंत्राचं कोणतं, मला निवडता येईना."

मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, लग्न ठरलं तवा माझ्याबद्दल काय म्हणले होते का ते?"

काहीतरी गोड सांगावं, असं अगदी ओठावर आलं होतं.

"नाही, वहिनी. तारीख सांगितली. मग लग्नाचे नवे बूट घालून खोलीभर चालला आणि म्हणाला, चावतात रे."

"मांडवात लंगडत होते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, पायातच खोट हाय." आणि पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या.

निघताना मी विचारलं, "हे मोबाइलमधलं काढून टाकायला सांगू का पोराला?"

"नको," त्या घाईनं म्हणाल्या. "राहू द्या."

परतीच्या वाटेवर मी वसंताचं ते 'चावतात रे' आठवून पाहिलं. शब्द त्याचे होते. आवाज मात्र पुन्हापुन्हा मोबाइलमधलाच येत राहिला.