राजसबाईची उघडी नोंद

चेन्नईजवळच्या आवडी गावात तळ्याकडे तोंड करून एक दुमजली घर आहे. घरावर पिवळी पाण्याची टाकी आहे आणि टाकीशेजारी गच्चीवर दोन खुर्च्या आहेत. एक खुर्ची बसून बसून खोल गेली आहे, तर दुसरीवर झाडाचा वाळका पाला पडतो, आणि घरातला म्हातारा तो रोज झाडतो.

त्या म्हाताऱ्याचं नाव बालाजीराव. तंजावरच्या मराठ्यांपैकी. पूर्वज कुठल्या काळी दक्षिणेत उतरले ते त्यालाही धड सांगता येत नाही, पण भाषा मात्र घराने जपली. तमिळच्या शेजाराने तिचं वळण बदललं, जुने शब्द तसेच राहिले, आणि पुण्याकडचं माणूस ती ऐकून आधी हसतं, मग कान देऊन ऐकतं. नोकरी सगळी आवडीच्या सरकारी कारखान्यात झाली. तयार माल मापाला उतरतो की नाही, एवढं बघायचं काम. माप चुकलं की माल परत. स्वतःच्या साडूचा माल असता तरी त्याने परत केला असता, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात, एका संध्याकाळी, त्याच्या बायकोला आभाळात काहीतरी दिसलं.

राजसबाई गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, काढायला गेली होती. खाली आली ती रिकाम्या हातानेच. घरात बालाजीरावाची बहीण चंद्रिका आलेली होती. तळ्यावर एक दिवा वर येऊन थांबला, असं राजसबाईने सांगितलं आणि चंद्रिका पोट धरधरून हसली.

"अय्यो वैनी! एवढ्या लांबून, दुसऱ्या ग्रहावरून आले बिचारे. पाव्हण्यांना कॉफी तरी दिलीस का?"

राजसबाई म्हणाली, "थट्टा कर. मी बघितलं."

"विमान असेल ग."

"विमान थांबतं का? तुझा नवरा तरी थांबतो का कधी हाक मारल्यावर?"

सगळे हसले. बालाजीरावही हसला. पण त्या दिवसापासून चंद्रिका आली की "वैनी, पाव्हणे काय म्हणतात?" असं विचारायची, आणि हळूहळू राजसबाईने त्या गोष्टीचं नाव काढणं सोडलं. तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं काही झालं. मापाच्या माणसाला ते खुपलं. माप न घेताच माल परत केला, असं त्याला वाटलं.

त्याच सुमारास त्याला नभसाक्षी मंडळाचा पत्ता लागला. शोळिंगनल्लूरला संगणकाच्या कंपनीत काम करणारा साताऱ्याचा गंधार, आणि त्याच्यासारखी दहा-बारा पोरं. चेन्नईच्या आभाळात कोणाला काही अनोळखी दिसलं की लोक यांना फोनवर कळवत. मग मंडळातलं कोणीतरी, पगार नाही की भत्ता नाही, सुट्टीच्या दिवशी त्या माणसाच्या घरी जायचं. त्यांची रीत कडक होती. ज्याला दिसलं तो साक्षी. साक्षी जिथे उभा होता तिथेच, त्याच वेळेला, त्याच्या शेजारी उभं राहायचं. त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. तो बोलेल ते त्याच्याच बोलीत लिहायचं. हसायचं तर अजिबात नाही. मग शोध घ्यायचा. बहुतेक वेळा विमानतळाकडे उतरणारं विमान निघायचं, नाहीतर रांगेने जाणारे उपग्रह, लग्नातला ड्रोन, कधी नुसता शुक्र. ओळख पटली की नोंद मिटली. नाही पटली तर ती उघडी राहायची.

आणि उघड्या नोंदींची एक वेगळीच रीत होती. पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, झाला, आभाळ निवळलं, की तिरुवान्मियूरला समुद्राच्या वाळूवर सगळे जमत. एकेक उघडी नोंद ती लिहिणारा कार्यकर्ता उभा राहून मोठ्याने वाचायचा, साक्षीच्या शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. ऐकताना कोणाला काही सुचलं तर सुचावं, हा हेतू. मिटलेली नोंद मात्र पुन्हा कधी वाचली जात नसे.

गंधार स्वतः आवडीला आला. राजसबाईच्या शेजारी गच्चीवर उभा राहिला आणि तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "काकू, आम्हाला हे काय आहे ते माहीत नाही. तुम्ही बघितलंत, एवढं मात्र नक्की." राजसबाईने त्याला दोनदा कॉफी पाजली.

बालाजीराव मंडळात शिरला तो त्या दिवशी. नोकरी संपली होती, हातात वेळ होता. तो इतका रमला की पोरांना आश्चर्य वाटायचं. बसने, उपनगरी गाडीने, कुठे कुठे जायचा. मच्छीमारांच्या वस्तीत, उंच इमारतींत, इरुंगाट्टुकोट्टैच्या कामगारांच्या खोल्यांत. दिवेलागणीच्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवर त्याच्या शेजारी उभा असायचा. मंडळातला सगळ्यात कडक माणूस तोच. एखादी सुंदर नोंद मिटवायला पोरांचा जीव होत नसे तेव्हा तो म्हणायचा, "ओळख पटली ना? मग मिटव. लाड कशाचे?"

मग राजसबाई आजारी पडली, आणि एका पावसाळ्यानंतर घरात एकच माणूस राहिलं.

तिच्या आवाजाची फीत नव्हती. तिने कधी पत्र लिहिलं नव्हतं. फोटोतली बाई तोंड मिटून बसलेली. तिचं बोलणं जगात एकाच जागी उरलं होतं, त्या उघड्या नोंदीत. म्हणून पोंगलनंतरची ती वाळूवरची संध्याकाळ बालाजीरावाला सणासारखी झाली. तो धुतलेला सदरा घालून जायचा. गंधारने ती नोंद वाचायला त्याच्याकडेच दिली होती. तिच्या नावाचा पुकारा झाला की तो उभा राहायचा आणि वाचायचा, आणि वाचताना त्याचा आवाज आपोआप बाईमाणसासारखा मऊ व्हायचा. पोरं खाली बघत ऐकायची. समुद्र तेवढा बोलायचा.

असं चाललं होतं. मग कीर्तीचा निरोप आला.

कीर्ती नाशिकची, मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला, आवडीच्या तळ्याकाठी नव्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलेली. तिने कळवलं होतं की तळ्यावर एक दिवा हळूच वर येतो, थांबतो, हलतो आणि विझतो. मंडळाने बालाजीरावालाच धाडलं, सोबत सावनी नावाची नवी मुलगी दिली. निरोपातला दिवा राजसबाईच्या दिव्यासारखाच होता, आणि बालाजीराव तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होता.

दोन संध्याकाळी ते कीर्तीच्या सज्जात उभे राहिले आणि आभाळाने काही दिलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी वारा फिरला. उजेड जाता जाता ताडाच्या झाडांमधून दिवा वर आला. अगदी तसाच. घाई नसल्यासारखा. बालाजीरावाने तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि तो कठड्यावरून पुढे वाकला.

पण उंचावरून ताडांच्या पलीकडचंही दिसत होतं. आपल्या गच्चीवरून जे कधीच दिसलं नसतं ते. तळ्याच्या बांधावर एक माणूस उभा होता आणि त्याच्या हातात रीळ होतं.

"पतंग आहे!" सावनी म्हणाली. "दोरीला कंदील बांधलाय. काका, बघा ना!"

काका तोवर जिना उतरत होता.

बांधावरचा माणूस सुब्बा. तळ्यापलीकडच्या वस्तीत इस्त्रीची गाडी लावायचा. म्हाताऱ्याला धापा टाकत येताना बघून त्याने रीळ पाठीमागे लपवलं. दोघांचं बोलणं तमिळमध्ये झालं.

"पोलीस का, सार?"

"माझ्या वयाचा पोलीस बघितलास कधी?"

"मग घाबरवता कशाला असं पळत येऊन?" सुब्बाने रीळ पुढे आणलं. "पतंग उडवायला बंदी आहे ते माहीत आहे. पण मांजा नाही हा, साधा सुती दोरा आहे. कोणाचं बोटही कापत नाही. माझा बाप उडवायचा असा. कागदाच्या दिव्यात मेणबत्तीचा तुकडा. वारा चांगला असला आणि बांधावर कोणी नसलं की उडवतो. वर्षातून चार वेळा, पाच वेळा. मेणबत्ती संपली की अंधारात गुंडाळून घेतो."

म्हणून खाली येताना दिसत नव्हता. वर दिवा जळत होता.

"कोणी बघतं का याला?" त्याने उगाच विचारलं.

सुब्बा हसला. "एक अम्मा बघायच्या. त्या पिवळ्या टाकीच्या गच्चीवर. मी झाडाखाली, मला कोण बघतंय? पण त्या उजेडात उभ्या असायच्या, त्या दिसायच्या. दिवा वर गेला की हात हलवायच्या. मग मीही दोरीला झटका द्यायचो. दिवा मान हलवायचा." त्याने झटका देऊन दाखवला. वरचा दिवा लवून हलला. "पुष्कळ वर्षं हा आमचा खेळ. आता बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. तुम्ही त्याच बाजूचे का? बऱ्या आहेत ना अम्मा?"

पुष्कळ वर्षं. म्हणजे तिला तो एकदाच दिसला नव्हता. ती पुन्हा पुन्हा गच्चीवर गेली होती, हात हलवून आली होती, आणि खाली येऊन काही बोलली नव्हती. बोलायची कोणाला? त्या सगळ्या संध्याकाळी तिचा नवरा दुसऱ्याच कोणाच्या तरी गच्चीवर, दुसऱ्याच कोणाच्या तरी शेजारी उभा राहून ऐकत होता.

"बऱ्या आहेत," बालाजीराव म्हणाला. "गुडघे दुखतात. जिना चढवत नाही."

"सांगा त्यांना," सुब्बा म्हणाला. "दिवा विचारत होता म्हणावं."

परतताना सावनी स्कूटर हळू चालवत होती. तिने भीत भीत तोंड उघडलं. "काका, राजसबाईंची जी नोंद आहे..."

"कुठली नोंद?" बालाजीराव म्हणाला.

तिने स्कूटरचा वेग वाढवला. कीर्तीची नोंद त्याने त्याच दिवशी मिटवली. दुसरीला हात लावला नाही.

मार्गशीर्ष गेला, पोंगल आला. बालाजीराव रोज गच्चीवर बसायचा आणि मनाशी हिशेब घालायचा. कोणाचं काय बिघडतं? मंडळाचं काही अडत नाही. सावनी बोलणार नाही. वर्षातून एकदा ती वाळूवर बोलेल, आणखी चार वर्षं, आणखी पाच, त्याचे पाय चालतील तोवर. आणि मग त्याला आठवायचं की इतरांच्या सुंदर नोंदी त्याने कशा मिटवल्या होत्या, आणि कोणा साक्षीचं तोंड तेव्हा कसं पडलं होतं, ते त्याने बघितलंच नव्हतं.

वाळूवर सगळे जमले. गंधारने पुकारलं, "राजसबाई. आवडी."

तो उभा राहिला. चष्मा पुसला. वाचायला लागला.

"ऊन उतरलं होतं. मी वडाम काढायला गेले. तळ्याच्या अंगाला एक दीप वर आला. घाई नव्हती त्याला. ताडाच्या दोन झाडांमधून वर आला आणि थांबला. कोणी हाक मारल्यासारखा थांबला. मग मान हलवली त्याने, होय होय म्हटल्यासारखी. मग विझला. खाली आला नाही. काय होतं मणून मी सांगत नाही. बघितलं मणून सांगते."

वाचून झालं तरी तो बसला नाही. कागद हातात फडफडत होता.

"ओळख पटली," तो म्हणाला. "पतंग होता. दोरीला कागदाचा दिवा. झटका दिला की मान हलवायचा. मेणबत्ती संपली की विझायचा. साक्षीने सांगितलं त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. नोंद मिटवा."

गंधार उठून त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, एक राहू दे ना उघडी. कोणाला काय फरक पडतो? आम्हालाही ती ऐकायची असते."

बालाजीरावाने त्याच्याकडे बघितलं. "ती खोटं बोलली नाही रे," तो म्हणाला. "मग तिच्या नावावर मी कसं बोलू?"

त्याने कागद दिला. गंधारने तो मिटलेल्या नोंदींत ठेवला. पुढचं नाव पुकारलं गेलं. बालाजीराव खाली बसला आणि वाळू मुठीत घेत राहिला, सोडत राहिला.

रात्री त्याने चंद्रिकेला फोन केला. पतंग होता, एवढं सांगितलं. आता हसेल, असं त्याला वाटलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे वैनीने बघितलंच होतं, अण्णा."

"होय."

"मी फार हसले रे तिला."

"मीही हसलो होतो," तो म्हणाला, आणि दोघांनीही फोन लवकर ठेवला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी वारा फिरला. बालाजीराव गच्चीवर होता. ताडांमधून दिवा वर आला, वर येऊन थांबला. वाट बघावी तसा थांबला.

सुब्बाकडे जाऊन खरं सांगायचं, असं त्याने किती वेळा ठरवलं होतं. पाय निघाले नव्हते. आता दिव्याने एकदा मान हलवली. जरा थांबून पुन्हा हलवली. तिकडे झाडाखाली एक माणूस पिवळ्या टाकीकडे टक लावून बघत असणार. त्याला गच्चीवर कोणीतरी उभं दिसत असणार. तिन्हीसांजेला माणसाची नुसती आकृती दिसते, बाई की बाप्या ते कळत नाही.

ज्याने आजवर एकाही साक्षीची नजर फसू दिली नव्हती, त्या माणसाने राजसबाईच्या खुर्चीच्या पाठीवर डावा हात ठेवला. आणि उजवा वर उचलून हलवला.

दिवा होय होय म्हणाला, आणि थोड्या वेळाने विझला.