पितरांच्या पाटावर दलाल

भाद्रपदातला पितरांचा पंधरवडा लागला की माझ्या ऑफिसात माशीसुद्धा फिरकत नाही. एरवी मी नगरजवळ केडगावात पुणे रोडला शटर उघडून बसलेला असतो. प्लॉट, रो-हाऊस, फ्लॅट, जे मागाल ते दाखवतो. बोर्डावर मी ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असं लिहून घेतलंय, अक्षरं चांगली हातभर मोठी. पण लोक तोंडावर भाऊ म्हणतात आणि पाठ फिरली की दलाल. पूर्वी मला याचा राग यायचा. आताही येतो, पण वय झालं, तो बाहेर पडायला वेळ लागतो.

आमच्या धंद्याचं पंचांग वेगळं असतं. कांद्याला भाव आला की पारनेरकडचा माणूस पोरासाठी गुंठा-दोन गुंठे बघायला येतो. कारखान्यानं उसाचं बिल काढलं की नेवाशाकडचे येतात, तेही जीप भरून, आणि जीपमधला प्रत्येक जण प्लॉटला वेगळी खोड काढतो. भिंगारच्या लष्करी छावणीतून फौजी रिटायर झाला की तो एकटाच येतो, बूट घालून येतो आणि माझा नकाशा बाजूला ठेवून प्लॉट स्वतःच्या पावलांनी मोजतो. कांदा पडला की हे सगळे गायब. मग माझ्या घरी चहात दूध कमी पडायला लागतं. देशाची अर्थव्यवस्था कुठं चाललीय ते टीव्हीवर सूट घातलेले लोक तासभर सांगतात. मी बायकोला म्हणतो, बंद कर ते, मार्केट यार्डात आज कांदा काय निघाला तेवढं विचार.

पण पितृपक्षात कांदा सोन्याच्या भावानं जाऊ दे, व्यवहाराचा इसार कुणी देत नाही. त्या दिवसांत भाव असतो तो गवारीला. वर्षभर जिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही ती गवार, तो भोपळा, ती अळूची पानं, सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्या शटरसमोर एक भाजीवाली बसते. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून ती अधूनमधून माझ्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघते आणि चुकचुकते. एकदा तर तिनं मला न मागता कोथिंबीर दिली. माझ्यावर अशी वेळ आली म्हणून मी दिवसभर धुमसत होतो, पण कोथिंबीर घरी नेली.

आता या पंधरवड्यात मी करतो काय? मी लोकांचा मेलेला बाप होतो. आमच्याकडं पितराला नुसत्या कावळ्यावर भागत नाही, माणूस लागतो. वडील ज्या तिथीला गेले त्या तिथीला त्यांच्या ओळखीतला कुणीतरी बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं आणि वडीलच जेवायला आलेत असं समजून वाढायचं. जाताना टॉवेल-टोपी द्यायची. पूर्वी असे लोक पारावर ढिगानं मिळायचे. आता दुपारी बारा वाजता मोकळा माणूस आणायचा कुठून? कुणी एमआयडीसीत, कुणी बँकेत, कुणी दुकानावर. मोकळा एकच, दलाल. मग ज्यांना ज्यांना मी घरं दिली त्यांचे फोन सुरू होतात.

खरं सांगतो, मला ते फोन आवडतात. वास्तुशांतीला हेच लोक गवंड्याला शाल देतात, इंजिनिअरला देतात, ज्याचा मिक्सर उसना आणला त्यालासुद्धा नारळ देतात. मी शेवटच्या पंगतीला, जिथं जिलेबी संपलेली असते. शुभ दिवशी दलालाची आठवण कुणाला होत नाही. ती होते पितृपक्षात. पण होते ना, एवढं बास आहे. उपकाराची जाण ठेवायला माणसांना मुहूर्त लागत नाही, मोकळा वेळ असलेला माणूस लागतो. पंधरवडा संपला की माझ्या पँटची हुकं लागत नाहीत, आणि बायको म्हणते की तुम्ही एवढ्या लोकांचे बाप झालात, आता थोडं चालायला जात चला.

बायकोवरून आठवलं. आम्ही राहतो तो फ्लॅटही माझ्या धंद्यातूनच आलेला. त्या बिल्डिंगमधले सगळे फ्लॅट मी विकले, हा एक राहिला. स्वयंपाकघराला एकुलती एक खिडकी आणि ती पश्चिमेला. संध्याकाळी पोळ्या करताना ऊन थेट डोळ्यांत. गिऱ्हाइकांना मी ‘संध्याकाळचा नैसर्गिक प्रकाश’ म्हणून सांगायचो, पण नगरचा माणूस असा फसत नाही. शेवटी बिल्डरनं तो दलालीपोटी माझ्याच गळ्यात मारला. बायकोलाही मी तेच नैसर्गिक प्रकाशाचं सांगितलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पसंत पडला.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. एका मावशींचं घर माझ्याकडं विकायला आलं. मावशींचे मालक भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. सगळी नोकरी त्यांनी क्वार्टरमध्ये काढली आणि रिटायर झाल्यावर केडगावात घर बांधलं. तो प्लॉट त्यांना मीच दिला होता. दोन खोल्या, पुढं अंगण, लिंबाचं झाड, लोखंडी गेट. गेटवर त्यांचा फार जीव, दर दिवाळीला स्वतः रंग द्यायचे. ते गेले आणि मावशी एकट्या राहिल्या. मुलगा चाकणला कंपनीत, तिकडं नवव्या मजल्यावर फ्लॅट. त्यानं ठरवलं की हे घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं. मी गिऱ्हाईकही आणलं, पारनेर तालुक्यातला फौजेतून रिटायर झालेला हवालदार, सज्जन माणूस, त्याचं पावलांनी मोजूनही झालेलं. दसऱ्याला तो इसार द्यायला तयार होता.

अडलं होतं ते मावशींपाशी. घर त्यांच्या नावावर, आणि त्या हो म्हणेनात की नाही म्हणेनात. मुलानं विचारलं की एकच उत्तर, ह्यांचे पितर होऊ द्या, मग सांगते. त्या वर्षी कांदा पार झोपला होता. उन्हाळ्यापासून माझ्या हातात एवढा एकच व्यवहार होता. मावशी नाही म्हणाल्या असत्या तर आमच्याकडं मागच्याच वर्षीचा आकाशकंदील पुसून लावायची वेळ होती. मी देवाला हात जोडायला लागलो, जे मी धंद्यात सहसा करत नाही.

आणि मावशींचा फोन आला. दर वर्षी पितराला बसणाऱ्या त्यांच्या दिरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. म्हणाल्या की भाऊ, यंदा तुमी बसा, ह्यांचा न् तुमचा बांधा सारखाच. मी पांढरा सदरा घातला आणि गेलो. जाताना मनात म्हटलं, चला, निकाल तरी लागेल.

मुलानं माझे पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं. समोर ताट आलं, खीर, कढी, वडे, अळूवडी, गवार-भोपळ्याची भाजी. पण आधी कावळ्याचा घास. मुलगा तो घेऊन गच्चीवर गेला, आणि आमचं जेवण तिथं अडकलं. त्या तिथीला आळीत चार घरी पितरं होती आणि कावळे मोजके. मागणी जास्त, पुरवठा कमी, धंदा मला कळतो. शेजारच्यांनी घासात भजी ठेवली होती, त्यामुळं सगळे कावळे तिकडं. मुलगा आमच्या गच्चीवरून विनवण्या करत होता आणि जिन्यातून मला सगळं ऐकू येत होतं. बाबा, आईला नीट सांभाळीन. बाबा, तिला वेगळी खोली देतो. कावळा येईना तसा त्याचा धीर सुटला. बाबा, लिफ्ट आहे. चोवीस तास पाणी आहे. खाली बाग आहे, ज्येष्ठांसाठी बाकडी आहेत. मी पाटावर बसून कपाळावर हात मारला. अरे, गिऱ्हाइकाला सगळ्या सोयी एकदम सांगायच्या नसतात.

वडे गार झाले. माझ्या पोटात आग पडली होती. शेवटी मावशींनी मुलाला खाली बोलावलं. म्हणाल्या की कावळा ऱ्हाऊ दे, ते सोता पाटावर आलेत, त्यांना जेवू घाल. मी हात घातला तोच त्या समोर येऊन बसल्या, खिरीची वाटी पुढं सरकवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

“अहो, घर द्यायचं का ठेवायचं?”

घास माझ्या हातातच राहिला. मी म्हटलं, मावशी, मी काय सांगणार, मी तर…

“मी दलालाला न्हाई इचारत. ह्यांना इचारते. तुमी त्यांच्या पाटावर बसलाय, तुमी सांगा.”

मुलगा त्यांच्या पाठीमागं उभा राहून मला डोळ्यांनी खुणा करत होता. सांगा ना, काका. आणि मला काय कमी येतं हो? भाव चांगला आलाय, असा माणूस पुन्हा मिळणार नाही, एकट्या बाईला एवढं घर झेपत नाही, ही वाक्यं मी झोपेतही बोलतो. पण कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. त्या घरातल्या लेकानं माझे पाय धुतले होते. तोंड उघडलं आणि त्यातलं एकही वाक्य बाहेर येईना. माझी मलाच चीड आली. दिवाळी डोळ्यांसमोर दिसत होती आणि मी मुक्यासारखा बसलो होतो. मेलेल्या माणसाला दलाली नसते, हे मला तेव्हा कळलं. तो नेमकं काय म्हणाला असता, ते मात्र कळेना. मग माझ्या तोंडून जे आलं ते आलं.

“अगं, तुला कुठं राहायचंय?”

माझे कान तापले. इतकी वर्षं ज्यांना मावशी म्हटलं त्यांना मी अगं म्हणालो होतो. मावशींनी हातातला खिरीचा डाव पातेल्यात ठेवला.

“हे इचारायला मरायला लागलं व्हय तुमाला?”

मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, पाटाशी. त्यांना केडगाव कधी आवडलंच नव्हतं. भिंगारची क्वार्टर एवढीशी, पण दाराला दार लागून होतं. दुपारी शेवया करायला सगळ्या एकीच्या ओट्यावर, संध्याकाळी मिळून बाजारात. तुम्ही म्हणालात, स्वतःचा प्लॉट, स्वतःचं गेट. आणि मावशींनी तेव्हा मान हलवली होती. इथं त्या गेटाला दिवसभर कडी, आणि बोलायला एक लिंबाचं झाड. त्यांना हे घर नको होतं आणि नववा मजलाही नको होता. त्यांना भिंगारला जायचं होतं. मुलगा कसाबसा म्हणाला की आई, तिकडं तू एकटी कशी राहशील?

“एकटी मी हितं हाय,” मावशी म्हणाल्या.

मुलगा खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. मग तो उठला आणि काही सुचेना म्हणून माझ्या ताटात भाजी वाढत राहिला, मी पुरे म्हणेपर्यंत. माझी तर वेगळीच पंचाईत. घर विकायचं ठरलं होतं! उड्या माराव्यात असं वाटत होतं. पण ज्या माणसानं हौसेनं ते गेट रंगवलं त्याच्या पाटावर मी बसलेलो. शिवाय हा प्लॉट त्याच्या गळ्यात मारणाराही मीच. मी मान खाली घालून तीन वाट्या खीर संपवली. नंतर गच्चीवर बघितलं तर घास गायब होता. मुलगा म्हणाला, कावळा येऊन गेला. शेजाऱ्यांचं मांजर कठड्यावर बसून मिशा चाटत होतं. मी धंद्यातला माणूस, म्हटलं, हो, कावळाच.

दसऱ्याला हवालदारांनी इसार दिला. मावशींना मी भिंगारला जुन्या बाजाराच्या मागं दोन खोल्या भाड्यानं बघून दिल्या, तळमजल्यावर, पुढं ओटा असलेल्या. पहिल्याच दिवशी ओट्यावर इतक्या बायका जमल्या की टेम्पोतलं सामान आत न्यायला वाट मिळेना. भाड्याच्या दलालीचं मावशींनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, बायकोकडून दलाली कोण घेतं? त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सगळ्या बायका काय झालं, काय झालं म्हणून आत डोकावल्या.

पण त्या पितरांच्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. मी टॉवेल-टोपी घेऊन संध्याकाळी घरी आलो. ऊन उतरलेलं, बायको ओट्यापाशी उभी, एक हात डोळ्यांवर धरून दुसऱ्या हातानं पोळी उलटत होती. हे मी रोज बघत असणार. त्या दिवशी दिसलं. मी दारातच उभा राहिलो आणि म्हटलं,

“अगं, तुला कुठं राहायला आवडलं असतं?”

तिनं गॅस बारीक केला. माझ्या कपाळावरचं गंध बघितलं, हातातली टोपी बघितली.

“आज तुम्ही कुणाचे पितर होतात?”

मी सांगितलं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

“माणूस बरा दिसतोय,” ती म्हणाली. “बसू द्या त्याला अजून थोडा वेळ.”

मी बसलो. तिनं चहा ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सुरुवात केली.