भेट खोलीतच झाली पाहिजे

मी विद्यापीठात फीच्या खिडकीत बसते आणि माझी नणंद माझ्यासमोरच्या काचेच्या खोलीत. म्हणजे तिथे बसावं असा हुकूम आहे. त्या बसत नाहीत, आणि त्यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं." आधी रुग्णालयात परिचारिका होत्या, नोकरी सांभाळून समुपदेशन शिकल्या आणि पन्नाशीच्या आत-बाहेर इथे लागल्या. घरात तोंडाच्या फटकळ. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांनाही कळतं. पण त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांबद्दल चकार शब्द नाही. मी कितीही खोदून विचारलं तरी एकच उत्तर, "वहिनी, तू तुझी फी मोज."

त्यांच्या खोलीवर 'विद्यार्थी आधार केंद्र' अशी पाटी आहे. आजारी पडलेल्या, घरातलं कुणी गेलेल्या, झोप उडालेल्या मुलांनी यायचं, ताईंशी बोलायचं आणि त्यांच्या शिफारशीवर परीक्षा पुढे ढकलून घ्यायची. कल्पना उत्तमच. पण कुठल्या तरी उंटावरच्या शहाण्याने ती खोली चारी बाजूंनी काचेची केली आणि नेमकी फीच्या रांगेसमोर ठेवली. रांगेतल्या माणसाला करायला काही नसतं, तो समोर बघतो. आणि समोर कुणाची तरी पोरगी डोळे पुसत असते.

सुरुवातीलाच एक मुलगा आत बसून रडला आणि संध्याकाळी वसतिगृहात त्याची नक्कल झाली. त्यानंतर कुणी फिरकेना. ताईंनी काचेला कागद चिकटवले. कुलसचिवांनी ते काढायला लावले, पाहुण्यांना इमारत दाखवताना वाईट दिसतं म्हणून. मग ताई मुलांना मागच्या मैदानावर न्यायला लागल्या. एरवी त्यांच्याबरोबर चालणाऱ्याला धाप लागते, पण तिथे मुलांच्या पावलाने चालायच्या. दोन माणसं मैदानाला चकरा मारतायत, यात कुणाला काय दिसणार? आणि शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. टेबलापलीकडे मुकी बसणारी मुलं तिथे बोलायची.

एका मुलीला मी मनातल्या मनात सायकलवाली म्हणायचे. पहिल्या वर्षी फाटकातून घंटी वाजवत यायची. यंदा पायी यायला लागली, भिंतीला हात लावत, मध्येच थांबत. तिला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. ताईंबरोबर मैदानावर तिला मी पुष्कळदा पाहिलं होतं.

परीक्षा तोंडावर आली आणि कुलसचिव एक शिफारस परत घेऊन ताईंकडे आले. माझ्या खिडकीसमोरच उभे राहिले.

"या मुलीच्या भेटी कुठे झाल्या?"

"मैदानावर."

"नियमात केंद्र लिहिलंय. भेट खोलीतच झाली पाहिजे. तुमची खुर्ची कायम रिकामी, आणि तुम्ही मैदानावर हवा खाताय."

"ती खोलीत बोलणार नाही, साहेब."

"मग परीक्षाही पुढे जाणार नाही. तिला खोलीत येऊ द्या, मी सही करतो."

सायकलवाली आली. फीचा शेवटचा दिवस, रांग पार दाराबाहेर. तिने काचेच्या दाराला हात लावला तेवढ्यात रांगेतून तिच्याच वर्गातलं कुणी म्हणालं, "अगं, तू इकडे? काय झालं गं?" त्यात कुचेष्टा नव्हती, साधी चौकशी होती. आतून ताई उठल्या, पण तिचा हात खाली आला होता. ती वळली आणि माझ्या रांगेत जाऊन उभी राहिली. ताई दारातच थांबल्या. रांगेसमोर तिला हाक मारली असती तर उरलंसुरलंही चव्हाट्यावर आलं असतं.

तिची पाळी आली. म्हणाली, "मॅडम, प्रवेश रद्द करायचा असेल तर इथेच होतं का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हुशार, चांगली शिकणारी पोर, आणि एका काचेपायी शिक्षण सोडायला निघालेली. मी तिला बाजूच्या दाराने आत घेतलं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि खिडकी धाडकन खाली ओढली. बाहेर बोंब झाली. कुलसचिव तरातरा आले.

ताई त्यांना म्हणाल्या, "साहेब, दोन मिनिटं आत बसा." त्यांना वाटलं असावं, माझी तक्रार करायचीय. ते बसले. ताईंनी दार लावलं आणि काहीतरी विचारलं. ऐकू काही आलं नाही. पण दिसलं सगळं, त्यासाठीच तर काच आहे. साहेबांचा चेहरा उतरला. ओठ हलले, थांबले. मग त्यांनी मान वळवून रांगेकडे पाहिलं. रांग त्यांच्याकडेच बघत होती. ते घाईने उठले, बाहेर आले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "त्या मुलीचा कागद द्या इकडे. भेटी झाल्या असं धरू."

सायकलवालीची परीक्षा पुढे गेली. नियम मात्र आहे तिथेच राहिला.

पुढच्याच आठवड्यात मैदानावर ताईंच्या शेजारी कुलसचिव चालताना दिसले. मान खाली, बोलणं चालू. घरी येईपर्यंत मी नुसती धुमसत होते.

"पोरींना मैदान चालत नाही, याला बरं चालतं? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "कोण? मी एकटीच होते."

"खोटं बोलू नका. आता आलाय ना मुठीत, तर नियम बदलून घ्या त्याच्याकडून."

"माझ्याशी जो बोलतो तो माझ्या मुठीत नसतो, वहिनी."

माझा राग आणखीच चढला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर समोर शिपाई शिडी लावून काच पुसत होता. बाहेरून झाली, आतून झाली, तरी पुसतोच आहे.

"कुणी सांगितलं रे?"

"साहेबांनी. पाहुणे यायचेत, आरपार दिसलं पाहिजे म्हणाले."

"आणि साहेब कुठायत?"

"ते मैदानावर गेलेत, ताईंबरोबर."