पोरीला भाकरी येत नाय

लासूर स्टेशनच्या फलाटावर आम्ही दोघी पॅसेंजरची वाट बघत उभ्या होतो. मायच्या डोक्यावर गाठोडं, त्यात तवा, काठवट आणि पायलीभर ज्वारीचं पीठ. माझ्या हातात पर्स. दोघींत कामाची कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नसती. गावातलंच एक म्हातारं बाकड्यावर बसलं होतं. त्यानं विचारलं, घराला कुलूप लावून कुठं निघालात? मायनं अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरीकडं. तिला भाकरी येत नाय."

लोक हसले. मीही हसले. तेव्हा मी तिशीची होते, एम.एस्सी. झालेली, लग्नाला चार वर्षं झालेली, चितेगावच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी करणारी. यातलं काहीच मायनं सांगितलं नाही.

खरं कारण तुमच्यापैकी जे तेव्हा गावात होते त्यांना माहीत आहे. विहिरीच्या तळात चिखलसुद्धा उरला नव्हता. टँकर आला तर तिसऱ्या दिवशी. दादा, म्हणजे माझे वडील, दोन बैल आणि गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. माय एकटी घरात काय पिणार होती? पण पाण्याला भिऊन गाव सोडलं असं तिच्या तोंडून निघालं नसतं. त्यात आपल्याकडं आईबापानं लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नसतो. गेलं तर चहा घ्यायचा आणि पुढच्या गाडीनं परतायचं. जावयाच्या घरी राहायचं तर तसंच दणकट कारण पाहिजे. ते कारण मी. माझं अडाणीपण पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं.

आता हे अडाणीपण मायनंच मन लावून वाढवलेलं होतं. तिला स्वतःला चौथीतून काढून चुलीपुढं बसवलं होतं. त्यामुळं मी चुलीकडं सरकले की ती म्हणायची, "इकडं दिसलीस तर फुंकणी घालीन पाठीत. पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं. परिणाम असा, की प्रयोगशाळेत मी मिलिग्रॅमपर्यंत पावडर मोजायची आणि घरी वरणात मीठ किती, यावर घामाघूम व्हायची. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे मायनं केले आणि श्रेय मला दिलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पितळ उघडं पडलं. सासूबाई बिचाऱ्या भल्या. एवढंच म्हणाल्या, शिकलेली आणली, शिजवणारी आणायची राहून गेली. पुढं त्या थोरल्या मुलाकडं राहायला गेल्या. माझ्यामुळं नाही, असं आमचे हे अजून सांगतात.

हे पाइपलाइनच्या कामावर गुजरातेत असायचे, दीड महिन्यानं घरी. मी खानावळीच्या डब्यावर. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की सगळ्याजणींचे डोळे माझ्या डब्याकडं. मी एक गोष्ट पाहून ठेवली आहे. पुरुषाला स्वयंपाक येत नसला की बायका त्याला वाढतात. बाईला येत नसला की तिला सोपी पद्धत सांगतात. मला भाकरीच्या अठरा सोप्या पद्धती तोंडपाठ होत्या.

तर माय आली. शहरात पैठण रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. आम्ही आलो तेव्हा ती इमारत अर्धी होती, बघता बघता तिनं आमचं आभाळ बुजवलं. नळाला पाणी आठव्या दिवशी. मायनं पहिल्या आठवड्यात मोरीतले ड्रम बघितले आणि म्हणाली, इथं काय वेगळं हाय गं, तिथं निदान अंगण होतं. तिची कुणाशी ओळख नव्हती. दाराला आतून कडी लावून बसायची तिला सवय नव्हती, आणि उघडं ठेवलं की मी रागवायची. दिवसभर ती ओटा पुसायची. मी आले की गरम भाकरी, ठेचा, पातळ पिठलं. ताट समोर सारून रोज एकच वाक्य. "तुला भाकरी आली की मी चालले."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं, दादा जनावरं घेऊन घरी परतले. छावणीत सगळे बाप्येच, त्यामुळं दादा साठाव्या वर्षी भाकरी थापायला शिकले होते. फोनवर त्यांनी ते लई अभिमानानं सांगितलं. मायनं फोन ठेवला आणि पुसलेला ओटा परत पुसला.

तेव्हा मी ठरवलं, आता शिकायचंच. हिला मोकळं करायचं. मायला विचारलं तर ती म्हणायची, दमून आलीस, बस. म्हणून खालच्या मजल्यावरच्या नूरआपाकडं गेले. कंपनीची बस लवकर आली की अर्धा तास तिच्या ओट्यापाशी. "इत्ता पानी नक्को डालो बाई," ती म्हणायची, "आटा रोरा देखो." सव्वा महिना ते पीठ माझ्या हातून रडलं. मग एके दिवशी भाकरी टम्म फुगली. नूरआपानं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

ती भाकरी फडक्यात गुंडाळून मी धावत वर गेले. दारात आले तर माय ताट वाढून बसलेली. वाफ निघत होती. मला भूक लागली होती. मी फडकं पर्सच्या मागं धरलं आणि जेवायला बसले. म्हटलं, उद्या सांगू.

ते उद्या दोन वर्षं आलं नाही. मनाची समजूत मी छान घालत होते. दादांना भाकरी येते, मलाही आली, तर मायची गरज कुणाला? बिचारीला वाईट वाटेल. असा उदात्त विचार करत मी रोज तिच्या हातचं गरम खात होते. ती खिडकीतल्या भिंतीकडं बघायची आणि मी ताटाकडं.

मग मायला ताप आला. चांगला आठवडाभर. तिसऱ्या दिवशी तिला भाकरी खावीशी वाटली. मी खानावळीतून आणते म्हणाले, नूरआपाच्या ओट्यावर थापली, वर आणून दुधात कुस्करून दिली. मायनं दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "खानावळवालीला सांग, तव्यावरच्या भाकरीला पाणी जरा कमी फिरव."

मी दुधात आणखी एक तुकडा कुस्करला.

"दोन वरसं झाली," माय म्हणाली. "कोपराला पीठ लावून येत होतीस."

मी विचारलं, मग गेली का नाहीस?

"माय कुठं आपणहून जाती व्हय? तू 'जा' म्हणशील म्हून बसले होते."

ताप उतरल्यावर मी तिला जा म्हणाले. इतक्या उशिरा, आणि तेही रडत. ती गेली. जाताना काठवट मला ठेवली. लासूरला उतरली आणि फलाटापासून गावातल्या घराघरापर्यंत सांगत सुटली, माझ्या पोरीच्या भाकरीला टाचणीएवढं भोक पडत नाय. ज्या फलाटावर माझी अब्रू गेली होती, तिथंच तिनं ती दामदुपटीनं परत मिळवली.

पुढचा दुष्काळ पडला तेव्हा दादा नव्हते. जनावरं विकलेली. टँकरच्या रांगेत माय एकटी, दोन हंडे घेऊन, गुडघे धरून. मी फोन केला, इकडं ये. तिनं विचारलं, "काय सांगून येऊ?"

मी म्हणाले, सांग पोरीला भाकरी येत नाय.

"आता कोण खरं मानंल?" ती म्हणाली. "मीच सांगितलंय समद्यांना."

मी भांडले, ह्यांनी फोनवरून हात जोडले, नूरआपानंही सांगून बघितलं. माय आली नाही. तहान हे कारण तिच्या हिशेबात बसत नव्हतं, आणि मला आई हवी हे कारण मला तोंडातून काढता आलं नाही. माझ्या लहानपणापासून आम्ही एकमेकींशी कामाचंच बोलत आलो.

त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी जायला लागले. आठव्या दिवशी येणाऱ्या नळाचे दोन कॅन भरून, लासूरला उतरून, पुढं जीपनं. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढा प्रवास. एकदा कॅन ओट्यावर ठेवत होते तेव्हा शेजारची काकू डोकावली. म्हणाली, काय गं, आज कशाला आलीस, काही काम काढलं का?

माय आतून म्हणाली, "तिला काय कारण लागतंय व्हय? माहेर हाय तिचं."