हैदराबादचा दगड आणि अण्णासाहेबांचं 'लवकरच'

हैदराबादला जायचं ठरलं ते माझ्या हौसेपायी नव्हे. आमच्या कॉलेजातले भूशास्त्राचे प्रोफेसर अण्णासाहेब यांना भूशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात निबंध वाचायचा होता, आणि त्यांच्या दगडांची पेटी उचलायला कुणीतरी हवं होतं. मी त्यांचा सहायक. वय तिशीचं, पाठ मजबूत. बायको म्हणाली, "जा खुशाल. तेवढेच चार दिवस घरात दगड दिसणार नाहीत."

पुण्याहून जाणार असाल तर वाडीला गाडी बदलावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो. तिथून पुढे निजामाची रेल्वे, निजामाचा मुलूख आणि निजामाचाच रुपया. त्या रुपयाला हाली म्हणतात, आपल्या रुपयाला कलदार. थोडे हाली वाडीतच बदलून घ्या, नाहीतर चहावाला तुमच्या कलदाराकडे संशयाने बघत बसतो. आणि जकातीला तिथे करोडगिरी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आम्ही घाबरलो, कारण आमची पेटी दोन माणसांनाही हलत नव्हती.

"इसमें क्या है?" करोडगिरीच्या मुन्शीने विचारलं.

"दगड," अण्णासाहेब म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि खरं थोडक्यात सांगणंही जमत नाही. त्यामुळे कोणता दगड, कुठल्या घाटातला, कसा तयार झाला, हे सगळं त्यांनी मराठीत सांगितलं.

मुन्शीने पेटी उघडायला लावली. दगड पाहिले. एक उचलून त्याचा वास घेतला. मग तो माझ्याकडे वळला. "हैदराबाद में पत्थरां कम पड़ गए क्या, मियाँ?"

जकात लागली नाही. दया मात्र भरपूर मिळाली. त्याने स्वतः पेटीचं कुलूप लावून दिलं आणि अण्णासाहेबांना सावलीत बसवलं.

नामपल्ली स्टेशनवर उतरलो तर स्वागताला माणसंच माणसं. स्वागत समितीचे चिटणीस वकील माधवराव हार घेऊन सर्वांत पुढे होते. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून हैदराबादेत. कुणी सरकारी नोकरीत, कुणी वकिलीत. मराठी अस्सल, पण मधेमधे दखनी डोकावणारं. "तशरीफ आणा, तशरीफ आणा! परेशान होऊ नका, सगळा बंदोबस्त चोख आहे," असं म्हणत त्यांनी आमच्या गळ्यात इतके हार घातले की अण्णासाहेबांचा फक्त चष्मा दिसत होता.

जामबागेतल्या एका कॉलेजात उतरायची सोय होती. टांग्याने स्टेशनपासून फार वेळ लागत नाही. टांगेवाला आधी जास्त सांगतो, मग तुम्ही पायी निघालात की मागून येतो. संध्याकाळी स्वागतसभा झाली. माधवरावांनी भाषणात आमची ओळख करून दिली: "जमिनीच्या पोटातलं ज्यांना वरून दिसतं, अशी ही थोर मंडळी!"

या एका वाक्याने घोळ केला. सभा संपताच लोकांनी आम्हाला घेरलं. एकाला विहिरीचं पाणी हवं होतं. दुसऱ्याला आजोबांनी परसात पुरलेला हंडा हवा होता. एक बाई आपल्या गुडघ्याबद्दल विचारून गेल्या. अण्णासाहेब प्रत्येकाला न रागावता सांगत होते, "तो माझा विषय नव्हे." पण लोकांना वाटलं, हा विनय आहे.

दुसरा दिवस निबंधवाचनात गेला. त्याबद्दल लिहीत नाही, तुम्हाला सहलीला जायचंय.

तिसऱ्या दिवशी माधवरावांनी दहा-बाराजणांना आपल्या नव्या बंगल्यावर जेवायला नेलं. शहराबाहेर मोटारीने पाऊण तास. रस्ता धुळीचा, पण दोन्ही बाजूंना बघत राहावं असे दगड. घराएवढे, हत्तीएवढे, एकावर एक बसलेले, काही तर अंगठ्यावर उभे असावेत असे. आमची मंडळी लहान मुलांसारखी मोटारीतून ओरडत होती. "ग्रॅनाइट! तो पाहिलात? अहो, तो पाहा!" ड्रायव्हर सारखा मागे वळून बघत होता.

बंगला सुंदर होता. माधवरावांच्या पत्नी सगुणाबाईंना आम्ही वहिनी म्हणायला लागलो होतो. त्यांनी फिरून घर दाखवलं. लग्न झाल्यापासून त्या गौलीगुड्याच्या एकत्र घरात राहिलेल्या. तिथे चार जावांत एक स्वयंपाकघर. इथली चूल त्यांची एकटीची. फडताळाचं दार त्यांनी आम्हाला तीनदा उघडून दाखवलं. घराच्या मागेच एक प्रचंड गोल दगड छोट्याशा बुडावर तोल सांभाळून बसला होता.

पानं मांडली. ज्वारीची भाकरी, चिंचेतली बघारी वांगी, साजूक तुपातली खिचडी आणि खुबानीची मिठाई. खुबानी म्हणजे वाळवलेला जर्दाळू. ही मिठाई मिळाली तर बाकी काही खाल्लं नाही तरी चालेल. मी पहिला घास घेतला आणि अण्णासाहेबांचा आवाज आला. ते जेवायला न बसता हातोडी घेऊन त्या दगडाच्या बुडाशी ओणवे झाले होते.

"झीज बरीच झालीय," ते वहीत लिहिताना म्हणाले. "हा काही आता फार राहायचा नाही. लवकरच जाणार."

एवढं बोलून ते दगडाच्या पलीकडे गेले. इकडे माधवरावांच्या हातातली तुपाची तपेली तिरकी झाली आणि तूप माझ्या खिचडीवर धारेने पडत राहिलं. मी थांबवलं नाही.

"उठा!" माधवराव किंचाळले. "सगळे बाहेर! शास्त्रीबुवांनी सांगितलंय, दगड येतोय!"

पुढच्या अर्ध्या तासात ते घर रस्त्यावर आलं. गाद्या, आरसा, देवांची पेटी, लोणच्याच्या बरण्या. पत्रावळी हातात धरून भूशास्त्रज्ञ धावत होते. कलकत्त्याचे एक गृहस्थ वांग्यांचं पातेलं छातीशी धरून पळाले, मद्रासच्यांनी घड्याळ वाचवलं. खरं तर आमच्यापैकी कुणीही थांबून म्हणायला हवं होतं की अहो, भूशास्त्रातलं 'लवकर' वेगळं असतं. मला ते सुचलं तेव्हा माझ्या डोक्यावर सतरंजी होती. मी सांगायला गेलोही, पण माधवरावांनी माझ्या हातात पाटा दिला.

वहिनी तेवढ्या स्वयंपाकघरातून हलेनात. "मी नक्को म्हणते," त्या चुलीसमोर बसून होत्या. "तेवीस वर्षांनी चूल मिळालीय. दगडाला यायचं तर येऊ दे."

"अगं, आपण परत गौलीगुड्याला जाऊ."

"तुम्ही जा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मात्र मला हसू येईना.

तेवढ्यात अण्णासाहेब दगडामागून आले. पत्रावळी घेऊन रस्त्यावर टेकलेली मंडळी पाहून त्यांनी विचारलं, "इथं उन्हात का बसलात?"

सगळे एकदम बोलू लागले. बागेतला माळी मल्लय्या मात्र त्या दगडाला पाठ टेकून विडी ओढत बसला होता. त्याने हात हलवून म्हटलं, "पडदु, अम्मा! पडदु!"

"बघा!" अण्णासाहेबांना आनंद झाला. "हाही तेच म्हणतो. पडतो."

"अहो, तेलुगूत पडदु म्हणजे पडत नाही!" आतून वहिनींचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्या स्वतः आल्या. पदर खोचून अण्णासाहेबांसमोर उभ्या राहिल्या. वकिलाच्या घरात राहून उलटतपासणी त्यांना चांगली येत होती.

"लवकर म्हणजे कधी? दिवाळीआधी की दिवाळीनंतर?"

"तसं नेमकं सांगता येणार नाही."

"या वर्षी?"

"छे, छे."

"माझ्या नातवंडांच्या वेळी?"

अण्णासाहेबांनी वही चाळली, मनाशी हिशेब केला. "वीसेक हजार वर्षं धरा. थोडं मागं-पुढं."

माधवराव लोणच्याच्या बरणीवर बसले. वहिनींनी डोळे पुसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. तोंडात पदर कोंबूनही हसू थांबेना.

"मग एकदा सांगा ना, पडणार नाही म्हणून," माधवराव काकुळतीने म्हणाले.

"असं कसं सांगू? पडणार तर आहेच."

ते शास्त्राच्या बाहेर एक शब्द बोलणार नव्हते. पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी रस्त्यावरचं ते उतरवून ठेवलेलं घर पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग एक पान उचललं, त्यावर भाकरी आणि वांगं वाढून घेतलं, थेट दगडाखाली जाऊन मल्लय्याशेजारी मांडी घातली आणि जेवायला लागले. हळूहळू, एकेक घास चावून.

वहिनी खुबानीचं भांडं घेऊन त्यांच्यामागे गेल्या. मग आम्ही सगळे गेलो. अधिवेशनाची सर्वांत चांगली बैठक त्या दगडाखाली झाली. नंतर सामान आत नेताना लोणच्याची सगळ्यांत मोठी बरणी वहिनींनी अण्णासाहेबांच्याच हातात दिली.

पुण्याला परतून आठवडा झाला. शेजारी विचारतात, चारमिनार कसा आहे? सांगायला लाज वाटते, पण तो पाहायचाच राहिला. निबंधही आठवत नाहीत. अधिवेशनातून परतताना डोक्यात नवं काही घेऊन यावं, अशी अपेक्षा असते. मी आणलं ते एवढंच, की आपण ज्याच्याकडे नमुना म्हणून बघतो त्याच्या खाली कुणाची तरी चूल असू शकते.

परतीच्या प्रवासात अण्णासाहेब वहीत डोकं घालून बसले होते. पुणे स्टेशनवरून टांग्यात बसल्यावर, पेटी पायांशी ठेवून, ते एकदाचे बोलले. मला वाटलं, झाल्या प्रकाराबद्दल खंत वाटत असेल.

"चाळीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत होती, पण तिच्या तळाशी थोडी लाजरी खुशीही होती. "घरदार उचलून बाहेर पडावं, इतकं माझं कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं हो."