भंडारा एकट्यानेच उचलला

ती घटना आठवायची नाही म्हटले तरी आठवते. पेन्शनीत निघून इतकी वर्षे झाली, दरोडे विसरलो, खून विसरलो, पण सोलापूर जिल्ह्यातले हे मेंढरांचे प्रकरण काही पिच्छा सोडत नाही.

इंग्रजी अंमल होता. मी सरहद्दीवरच्या ठाण्यात फौजदार होतो. ओढ्याच्या अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे संस्थान. एकदा सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटील खबर घेऊन आला. अलीकडच्या वाडीतल्या चार-पाच धनगरांनी कुऱ्हाडी घेऊन ओढा ओलांडला, संस्थानातल्या एका गावचा कोंडवाडा फोडला, राखणदाराला जखमी केले आणि मेंढ्या हाकून आणल्या. पाठोपाठ संस्थानचे पत्र जिल्ह्याच्या पोलीस साहेबांकडे आले आणि साहेबांचा शेरा माझ्याकडे.

कलम साध्या चोरीचे नव्हते. सरकारशी सलोखा असलेल्या परमुलखावर चाल करून लूटमार, सात वर्षांपर्यंत सजा. दुसऱ्या राज्याशी लढायचे तर सरकारने लढावे, रयतेने नव्हे, असा तो कायदा. मला तो पटत होता, आजही पटतो. कोणीही उठून सरहद्दीपलीकडे आपले वैर फेडू लागला तर राज्य कसले? पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धनगर नसावेत.

वाडीवर सगळ्यांचे एकच पालुपद, आमी कुटं गेलोच न्हाय. हल्लेखोरांनी डोक्यावरून घोंगड्या घेतलेल्या, त्यामुळे राखणदाराला कोणाची ओळख पटेना. मेंढ्यांचाही पत्ता नाही. दोन दिवस विचारून विचारून माझा घसा बसला. माझा हवालदार त्याच भागातला. तो म्हणाला, धनगर पोलिसाशी खोटे बोलेल, पण देवाचा भंडारा हातात घेऊन बोलणार नाही. मी देवळातून हळदीची वाटी आणवली, वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "खरं सांग, पुढचं मी बघतो."

म्हाताऱ्याने वाटी जवळ ओढली. मग चिमूट उचलली.

"गेलतो. मीच नेलं समद्यास्नी. मेंढ्या माज्याच हायत. चरत पलीकडं गेल्या, त्यांनी कोंडल्या, सोडंनात. हितं कोकरं दुधाबिगर मरत हुती. किती बघत बसायचं, सायेब?"

साथीदारांची नावे त्याने सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाहीत. घळीत लपवलेल्या मेंढ्या त्याने स्वतः दाखवल्या. पंचांसमोर त्या वाडीत आणल्या, तशी उरलेली कोकरे सुटली आणि प्रत्येक कोकरू नेमके आपल्या आईला लुचू लागले. पंचनाम्यात मी ते मुद्दाम लिहिले. वाटले, मालकी सिद्ध झाली, आता म्हातारा सुटतो. कसचे काय! कायदा मेंढी कोणाची हे विचारतच नव्हता, सरहद्द हत्यारे घेऊन ओलांडली का, एवढेच विचारत होता.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. मॅजिस्ट्रेटने बजावले, बोलण्याची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. तो गप्प राहिला असता तर खटला उभा राहणे कठीण होते. मनात म्हणत होतो, गप्प बस बाबा. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. भंडारा उचललाय, आता फिरवता येत न्हाय, म्हणाला आणि सगळे पुन्हा सांगितले. मी साहेबांकडे दोनदा शब्द टाकला, तो वाया गेला. तीन वर्षे सक्तमजुरी झाली.

सुटल्यावर तो मला अक्कलकोटच्या बाजारात भेटला. पाठीत वाकला होता. मी म्हणालो, माझ्यावर राग असेल. राग असता तर बरे झाले असते.

"न्हाय सायेब, चूक माजीच की," तो म्हणाला. "पुढचं बगतो म्हणलासा, तवाच तुमालाबी भंडारा उचलाय लावाय पायजे हुता."

त्यानंतर नोकरीत पुष्कळ कबुल्या घेतल्या. 'पुढचं मी बघतो' हे मात्र पुन्हा कोणाला म्हणालो नाही.